सांध्यावरचं बोट

३ मार्च, मंगळवार

आजही सूनबाईने औषध वाळायच्या आत गॉझ ठेवलं. तीस आकडे थांबायचं असतं. मी मोजत होतो, बाविसालाच ठेवलं. बोललो तर म्हणाली, "बाबा, तुम्ही फार सावकाश मोजता." हृदयाला लावलेला पंप माझ्या छातीत आहे, तिच्या नाही! त्याची केबल पोटातून, बेंबीच्या उजव्या अंगाला बाहेर येते. त्या भोकातून जंतू शिरला की थेट पंपापर्यंत वाट. घरी सोडताना सिस्टरने बजावलं आहे.

५ मार्च, गुरुवार

चाळीस वर्षं नळजोडणी केली. पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथेच ओल धरते, हे मला कोणी शिकवायला नको. उस्तादाचा नियम होता — नवा सांधा रोज बोट फिरवून बघायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं.

मुलगा आणि सूनबाई कामावर गेली की मी पट्टीची एक कड उचलतो. केबलभोवती बोट फिरवतो, जरा हलवून बघतो, कड पुन्हा दाबून बसवतो. कोरडं होतं. दवाखान्याच्या पुस्तिकेत लिहिलंय, मध्ये उघडू नका. मी चौथी शिकलेला, पण लिहिणाऱ्याने तरी कधी सांधा बसवला असेल का? सूनबाईच्या पट्टीवर भरवसा ठेवून बसू?

९ मार्च, सोमवार

सूनबाई मास्क लावून, गुडघे टेकून भोक पुसत होती. मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "बाबांनी जन्मभर लोकांच्या भिंती फोडल्या, आता त्यांचीच फोडली." स्वतःच हसला. तीही हसली असणार. मास्कआड काय कळतं.

१२ मार्च, गुरुवार

बोट ओलं आलं. पिवळट.

कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर पट्टी कोणी उघडली तेही सांगावं लागेल.

१३ मार्च, शुक्रवार

पट्टी काढली आणि सूनबाईचा चेहरा उतरला. कातडी लाल, भोवती ठणका. "बाबा, काल संध्याकाळी इतकं नव्हतं हो." मी म्हटलं, "काल नीट बघितलं असतंस तर!" जीभ कशी वळली कोण जाणे.

१४ मार्च, शनिवार

दवाखान्यात. सिस्टरने कापसाच्या काडीवर पू घेतला, तपासायला पाठवला. विचारलं, "पट्टी कोण करतं?"

"मी," सूनबाई म्हणाली.

सिस्टरने तिला समजावलं — मांस केबलला हळूहळू धरत येतं, तेच खरं झाकण. केबल ओढली, हलवली की ते फाटतं. "हे तर रोज कोणीतरी खाजवून खपली काढल्यासारखं दिसतंय." सगळं तिला सांगत होती. मी छताकडे बघत होतो.

गोळ्यांनी हटलं नाही तर कापून साफ करणार. पंपापर्यंत गेलं तर त्यांच्याही हातात काही नाही.

परतताना मुलाने गाडीतच तोंड सोडलं. "एवढं एक काम धड होत नाही तुझ्याकडून?" मी बोलायला हवं होतं. पण मग मला कोण बघणार? मुलगा म्हणेल, मरायचंच होतं तर आमचे एवढे हाल कशाला केले.

१७ मार्च, मंगळवार

आता पट्टी मुलगा करतो. राकट हाताचा. चिकटपट्टी काढतो की साल सोलतो! सूनबाई दारातूनच विचारते, "पू थांबला?" आत पाऊल टाकत नाही.

२१ मार्च, शनिवार

नऊ दिवस बोट लावलं नाही. लाली उतरली, पू थांबला. जेवताना मुलगा तिच्यासमोरच म्हणाला, "बघ, हात बदलला आणि फरक पडला." तिने मान हलवली. हो म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपार आहे.

२२ मार्च, रविवार

सांगितलं. दोघांनाही. मुलगा ताटावरून उठून गेला. सूनबाई बसून राहिली. मग तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. पेरापेरांवर कातडी सोललेली, भेगांत रक्त सुकलेलं.

"आठवडाभर घासतेय, बाबा," म्हणाली. "मला वाटलं, माझ्या हातांतच काहीतरी आहे."