सातव्या गाण्यातला आवाज

मंगळवार, ता. ९, सकाळ

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. तू सहा फूट झालास तरी मायना बदलणार नाही, हे तुला माहीत आहेच.

इकडे ठीक. आईचा गुडघा बरा आहे. ती जिना चढते आणि मग चढल्याचं सगळ्यांना सांगते. तुझे भावजी गच्चीची गळती स्वतः बुजवायला गेले, आता दोन ठिकाणी गळतं. आईला आपला नवा अल्बम ऐकवला. तिसऱ्या गाण्यात ट्रम्पेट सुरू झाले तशी म्हणाली, "हे तुमचंच ना? का शेजाऱ्यांनी लावलंय?" मी खूप हसले. जरा जास्तच हसले, हे रात्री वहीत लिहिताना लक्षात आलं.

दौऱ्याची तालीम कशी चाललीय? मी ठरल्याप्रमाणे वीस तारखेला येतेच. तोवर तू आणि आपली नवी कीबोर्डवाली वादकांना तयार करालच.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू हसण्यावारी नेशील, आणि मी नेऊ देईन.

वीस वर्षं आपण लोकगीतं गिटारवर बसवली, एकाच माइकसमोर, गुडघ्याला गुडघा लावून. एक-दोन-तीन कधी मोजलं नाही. तू नाकाने श्वास घ्यायचास, की मी सुरू. तो श्वास आपल्या आधीच्या चारही अल्बमांत ऐकू येतो. साउंडवाला पुसायला निघाला तेव्हा तू म्हणालास, "राहू दे, ताईचा सिग्नल आहे तो." या वेळी प्रत्येकाला वेगळी खोली, कानात हेडफोन आणि त्यात ताल मोजणारी टकटक. त्या टकटकीवर मी दर वेळी उशिरा यायचे. कीबोर्डवाली काचेपलीकडून म्हणायची, "ताई, किंचित आधी." गोड आवाजात. ती खेकसली असती तर मला फार सोयीचं झालं असतं.

जुनं सोडून नवं काही करू, ही मूळ कल्पना माझी. हे मी तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "हो ताई, सांगितलंत मागे."

आता सातवं गाणं. मला चाल कळावी म्हणून तिने तुझ्याशेजारी बसून ते नुसतं गाऊन ठेवलं होतं. मग मी माझं गायले. तू दोन्ही ऐकलीस, मान खाजवलीस आणि म्हणालास, "ताई, तिचंच ठेवूया का? रागावणार नाहीस ना?"

"वेडा आहेस का? ठेव की," मी म्हणाले आणि सगळ्यांना चहा विचारला. तुला वाटलं, ताईचं मन मोठं. मलाही तेच वाटलं, घरी पोचेपर्यंत.

लिहायचं ते लिहून टाकते. रेकॉर्डच्या कारखान्याला गाणी पाठवायचं काम नेहमीसारखं माझ्याकडे होतं. गेल्या गुरुवारी दहाही गाणी पाठवली. सातव्याच्या जागी माझं पाठवलं. चुकून नाही. दोन्ही फाइलींची नावं चष्मा लावून वाचली होती. झालेलं गाणं तू पुन्हा ऐकत नाहीस, त्यामुळे तुला कळायला महिने गेले असते. तिला कळलंच तर "अगं बाई, गोंधळ झाला" हे वाक्यही तयार होतं. गोंधळ न घालणारी म्हणून माझी ख्याती आहे. एखादा मला माफ झाला असता.

काल दुपारी घरात कोणी नसताना दोन्ही पुन्हा ऐकली. माझं सरस निघालं तर तुझ्याशी उघड भांडायचं, असं ठरवून बसले होते. माझं नीट आहे. सुरात, उच्चार स्वच्छ, कुणाला नापास करता येणार नाही असं. मग तिचं लावलं. दुसऱ्या कडव्याआधी तू श्वास घेतलास आणि ती आली. टकटकीवर नाही रे, तुझ्यावर आली.

हे तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मला वाटायचं, हे जगात फक्त मला येतं. तिचा आवाज तरुण आहे, ती शिकलेली आहे, हे सगळं मी गिळलं होतं. एवढं मात्र गिळता येईना. खरं सांगायचं तर अजून येत नाही.

आज दुकानं उघडायच्या आधी कारखान्याला फोन केला. तिथला माणूस वैतागला. "उद्या छपाई लागतेय बाई, आज आठवलं होय?" मी म्हटलं, आज आठवलं नाही, आज सांगतेय. तो काही समजला नाही, पण थांबला. तिचं गाणं पाठवलं. पोचल्याचा त्याचा फोन आला, मग हे पत्र लिहायला घेतलं. आधी लिहिलं असतं तर नुसतं पत्रच लिहून मोकळी झाले असते. मी मला ओळखते.

तिला सांगायचं का, ते तू ठरव. नाही, हेही तुझ्यावरच ढकलतेय. वीस तारखेला मीच सांगेन. तू खोलीत थांबू नकोस.

आणि हे वाचून लगेच फोन करू नकोस. "अगं, तुझंच ठेवायचं होतं" असं तू म्हणशील, आणि मी ते खरं मानेन.

नऊ गाण्यांत तुझ्याबरोबर असलेली,
ताई