साखर घातलेला फ्लास्क

प्रिय चिमणे,

तू प्रयोगशाळा सोडून गेल्यापासून तुझ्या टेबलावर कुणी बसलेलं नाही. सरांनी तिथे तडकलेल्या काचसामानाची खोकी रचलीत. दुकानात दिवसभर उभं राहून तुझे पाय सुजतात, असं तुझी आई फोनवर म्हणाली. गरम पाण्यात सोडून बसत जा गं.

मी अजून त्याच बिनखिडकीच्या खोलीत. फ्लास्क हलवणाऱ्या यंत्राची घरघर आता जेवतानाही कानात असते. प्रबंध लिहून कधीचा झालाय, पण मार्गदर्शक म्हणून सरांची सही नाही. राहायची खोली संस्थेची, पुढच्या नोकरीची शिफारस सरांची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तुझं काम माझ्याच गळ्यात पडलं. तेच मातीतले जिवाणू, तोच प्रश्न: काय खायला घातलं की ते स्टार्च फोडणारं एन्झाइम जास्त बनवतात? पेप्टोन, म्हणजे प्रथिनांचा चुरा दिला, भरपूर बनवलं. नुसता नत्राचा क्षार दिला, बेताचंच. ग्लुकोज घातलं, तर जिवाणू मनसोक्त वाढले, फ्लास्क गढूळ झाला, पण एन्झाइम जवळजवळ नाहीच. गाळलेला द्रव स्टार्चच्या प्लेटवर टाकून आयोडीन ओतलं. सगळी प्लेट निळीकाळी, म्हणजे स्टार्च फुटलाच नाही, स्वच्छ कडं कुठेच नाही. आयतं ताट समोर असताना चूल कोण पेटवेल? पण सरांच्या गाजलेल्या लेखात नेमकं उलटं छापलंय.

सरांना दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं, तेच आलं. मग हसले. "त्या चिमणीसारखाच तुझाही हात खराब दिसतो." तेव्हा मला उमगलं. म्हणजे तुलाही हेच दिसलं होतं? जाताना तू एवढंच म्हणालीस, मला नाही जमत हे.

काल सगळ्यांसमोर काम मांडायचं होतं. बाहेरच्या परीक्षक बाईही होत्या. सरांनी दिलेला, त्यांच्या लेखाशी जुळणारा आलेख मी लावलाच नाही. माझा लावला आणि सांगितलं, हे आधी माझ्या मैत्रिणीला दिसलंय. सर उठून निघून गेले. आज माझं कार्ड राहायच्या खोलीच्या दाराला चालत नाही. प्रबंध, कपडे, सगळं आत. मी बाहेर पायरीवर बसून हे लिहितेय. बाईंचा निरोप आहे, की तोच प्रयोग आपण दोघींनी त्यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्यासमोर लावायचा. सही मिळेल की नाही, देव जाणे. मला एकटीला भीती वाटते. दुकानातून रजा काढ आणि ये. तुझा हात चांगला आहे, चिमणे.

वाट बघणारी,
तुझीच लंबू