सासूचा तवा

२ एप्रिल
तीन आठवडे लिहिलं नाही. आळस. आणि खोटं कशाला — लिहिलं असतं तर कबूल करावं लागलं असतं!

भिंत मी दाखवली. पोलादाच्या भट्टीचा धूर जिथून जातो, ती कारखान्याची मागची भिंत बाहेरून तव्यासारखी तापते. आमच्या मार्च ते मेच्या पावसाळ्यात वस्तीतल्या बायका तिला जाळ्या टेकवून तळ्यातली ‘मुकेने’ नावाची बारीक मासळी वाळवतात. त्यांची पुढारी म्हणजे मुगाला — नांगोबीची आई, माझी होणारी सासू. इंजिनियर वाया जाणारी धग हुडकत हिंडत होता. मीच मोठ्या तोंडानं म्हणालो, "साहेब, मागं तर मासे भाजतात!" शाबासकी मिळाली. पिवळं हेल्मेटही. मला शोभतं. तुरेवाल्या बगळ्यासारखा दिसतो, पण —

असो.

९ एप्रिल
नवे नळ बसले. धुराची धग आता भट्टीत जाणारी हवा तापवते. तेल वाचतं. मागं जाऊन हात लावला. भिंत गार.

फोरमन बालिकोवा म्हणाला, "काय जावईबापू, सासूचा तवाच उतरवलात की!" सगळे खिदळले. मीही.

१२ एप्रिल
पाऊस थांबत नाही. मासळीत अळ्या. छपरावरच्या करकोच्यांची चंगळ.

वाटेत मुगाला समोरून आली. आमच्यात सासू-जावयानं एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. मी केळीत घुसलो, तिनं फडकं तोंडावर ओढलं. इतका सोयीचा रिवाज दुसरा नसेल!

१५ एप्रिल
नांगोबी म्हणाली, "कुणी दाखवली रे भिंत? आई म्हणते, सापडू दे मेला, त्यालाच जाळीवर वाळवते."
"बालिकोवा असेल," मी म्हणालो. सहज निघून गेलं तोंडातून.

१८ एप्रिल
बायकांनी बालिकोवाच्या बायकोला पाण्याच्या नळावर गाठलं. सडकी मासळी डोक्यावर ओतली. सातवा महिना आहे तिचा. "माझा नवरा नव्हे गं, नव्हे!" ओरडत चिखलात बसली. मी दहा पावलांवर. हेल्मेट काढून पाठीमागं धरलं.

परवा दिवशी आमचा मागणीचा समारंभ. रिवाजाप्रमाणे मेव्हण्याला द्यायचा कोंबडा आणलाय. काय तुरा आहे!

१९ एप्रिल
रखवालदार धावत आला. "फाटकावर तुझी सासू."
"वेडा झालास? ती कशी येईल?"
"आलीय. शेजारी बालिकोवा. फडकं खांद्यावर टाकलंय, तोंड उघडं. तुला नावानं हाका मारतेय."