पाणी माणूस ठेवत न्हाई

रिहे, ता. मुळशी
६ ऑक्टोबर २०२४

चि. स्नेहलला आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकली असशील. आजकाल पत्र म्हंजी एकतर कोर्टाचं न्हाईतर बँकेचं. पण आमच्याकडं फोनचं काय झालंय ते तुला ठाव न्हाई. फोन वाजला की तुझे मामा हातातलं टाकून पळत सुटतात, कैलासचाच असंल म्हणून. परवा उंबऱ्याला ठेच लागून पडले, गुडघा फुटला, तरी सरपटत जाऊन उचलला. निघाला कोण, तर फार्महाऊसवाल्या शेटचा माणूस, घरचा तांदूळ हाय का इचारत होता. तवा त्यांचं तोंड जे होतं ते मला बघवत न्हाई गं. म्हणून तू फोन करू नको, लिहीत जा. पोस्टमन माझ्याच हातात देतो.

तुला सगळं ठाव असताना पुन्यांदा लिहिते, कारण कुणापुढं तरी बोलल्याबगर ऱ्हावत न्हाई. गेल्या साली मे महिन्यात आपला कैलास त्या सहलीच्या मोठ्या बोटीवरनं गेला. सांजच्याला बोटीच्या किचनमधनं जरा वाऱ्याला म्हणून मागच्या डेकवर गेला, तो कामावर माघारी आलाच न्हाई. बोट उलटी फिरवली, सरकारी बोटींनी पाणी धुंडाळलं, काय बी घावलं न्हाई. कंपनीची माणसं घरी येऊन हात जोडून गेली. सगळ्या गावानं मानलं. एकट्या तुझ्या मामांनी मानलं न्हाई.

त्याला कारण हाय. तरणेपणी त्यांनी धरणातनं किती माणसं काढली त्याला गणती न्हाई. पुण्याची पोरं सहलीला यायची, बुडायची, की पोलीस तुझ्या मामांना, कोंडिबालाच बोलवायचे. त्यांचं एकच म्हणणं, पाणी माणूस ठेवत न्हाई, तिसऱ्या दिशी काठाला आणून देतंच. आणि दिलंय बी दरवेळी. आता म्हणतात, कैलासला दिला न्हाई म्हंजी तो पाण्यात न्हाईच. मीच पवायला शिकवलाय, गेला असंल पवत एखाद्या बेटावर, कोळ्यांनी ठेवून घेतला असंल, डोक्याला मार लागून नावगाव इसरला असंल. रोज रातच्याला त्याचं ताट वाढायला लावतात. सर्वपित्रीला मी गपचूप त्याच्या नावानं एक पान वाढलं, तर ते उचलून फडताळात ठेवलं. आला की खाईल म्हणाले.

मला रडू देत न्हाईत. डोळ्याला पदर लावला की अंगावर येतात, जित्या पोराच्या नावानं रडून त्याचं आयुष्य कमी करतेस का म्हणून. गोठ्यात जाऊन बसले तर मागनं येऊन बघतात. दीड वरीस झालं, मी माझ्या पोरासाठी एकदा बी मोकळ्या गळ्यानं रडले न्हाई. एकदा रडायला मिळावं, एवढंच मागणं हाय बघ माझं, दुसरं काय नको.

तवा मी ठरवलंय, त्यांना त्याच बोटीवर न्यायचं. धरणाच्या मापानं दर्या मोजतायत, एकदा डोळ्यानं बघू देत. सहलीचं तिकीट निघतं असं तूच मागं म्हणाली होतीस. ते तयार झालेत, पण पोरगं हुडकायला म्हणून. तुझं नाव घरात काढू देत न्हाईत, तुझं बघून बोटीवर गेला म्हणतात. माझ्या मनात तसं काय न्हाई, देवाशपथ. कसं जायचं, काय न्यायचं, आमा अडाण्यांना उमजंल असं लिही.

माया असू दे. मामांचा राग मनाला लावून घेऊ नको.

तुझी
लीलाआत्या


बोरिवली
१६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात नेलं ते चुकलं. बाथरूममध्ये जाऊन रडले. तुझ्या वाटचंही थोडं रडले म्हण हवं तर.

बोटीच्या रिसेप्शनवर पाच वर्षं मी लोकांना हेच सांगत होते, काय आणा, काय आणू नका. ते तुला कधी असं लिहावं लागेल हे मनातही आलं नव्हतं. मामांचं म्हणशील तर त्यांचा राग मला कळतो. नोकरीवरून पहिल्यांदा सुट्टीला मी घरी आले तेव्हा बोटीचे फोटो कैलासला मीच दाखवले होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं लक्षद्वीपचं तिकीट काढते, तेव्हा समुद्र शांत असतो. खोली मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घेते. बोट टोकांना आणि वर जास्त हलते. लोक हौसेनं बाल्कनीची खोली घेतात. तुमच्यासाठी मी मुद्दामच घेत नाही. का, ते तुला सांगायला नको.

बंदरावर दुपारीच पोचा. मोठी बॅग तिथेच काढून घेतात आणि ती खोलीपाशी यायला संध्याकाळ होते. म्हणून मामांच्या बीपीच्या गोळ्या, दोघांची आधार कार्डं, चष्मे आणि कपड्यांचा एकेक जोड हातातल्या पिशवीत ठेव. आत एसीचा गारठा असतो, शाल घे, मामांना स्वेटर. चपला रबरी आणि सपाट. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. मामांना चालेल ती डॉक्टरांना विचारूनच आण. पहिल्या रात्री हात राखून जेवा. समोर पन्नास पदार्थ असतात आणि माणसाचा तोल जातो. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या बाटल्या फुकट नसतात, त्यांना हात लावू नका.

घरचं खाणं नेऊ देत नाहीत. मला माहीत आहे तू दशम्या करणार आहेस, पण त्या दारात काढून घेतील. नारळ, दिवा, अगरबत्ती, काडेपेटी यातलं काही चालत नाही. आणि आत्या, समुद्रात काहीही टाकायचं नाही, फूलसुद्धा. तसा नियम आहे. हात जोडायला कोणी अडवणार नाही.

पहिल्या दिवशी मोठा भोंगा वाजवून सगळ्यांना गोळा करतात आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. ते कुणालाच चुकत नाही. मामांना आधी सांगून ठेव. आणि काही तासांत मोबाइलची रेंज जाते. मामांचा फोन तिथे वाजणार नाही, हेही घरूनच सांग, नाहीतर ते हातात धरून बसतील.

कसं लिहू कळत नाही, पण थोडं बघाही. पहाटे वरच्या डेकवर खुर्च्या रिकाम्या असतात, चहा घेऊन बसा. तुमच्या आजूबाजूला लोक हसत-नाचत असतील, त्यांच्यावर चिडू नका, त्यांना काही माहीत नसतं. कैलास मला म्हणायचा की वर्षभराची नोकरी झाली की आई-दादांना घेऊन येणार, आणि आईला आयतं ताट वाढून घ्यायला लावणार.

पत्राची वाट बघते. आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी
स्नेहल


रिहे
११ नोव्हेंबर २०२४

चि. स्नेहलला आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी झाली म्हणायची. भात कापून झोडून घरात आलं. इंद्रायणीचं पोतं तुझ्या नावचं बाजूला काढलंय, कुणाबरोबर तरी धाडते. लगीन करायचं न्हाई म्हणतेस तर निदान भात तरी घरचा खा.

तुझी तिकिटं पोचली. तुझं पत्र मी पाठ केलंय. शेजारची आशालता जळती माझ्यावर, म्हणती लीलाबाई या वयात मधुचंद्राला निघाली. मी बी हसले. काय सांगू तिला?

एक इचारायचं हाय. मामांनी स्वतः बॅग भरली. वर आमचे कपडे, आणि खाली तळाला कैलासची प्यांट, तो निळा चौकड्याचा शर्ट, टावेल, आणि त्याची चप्पल पेपरात गुंडाळून. मी इचारलं तर म्हणाले, पोरगं काय अंगावरच्या चिंध्यांनी घरी आणायचं का? हे काढून ठेवू का तसंच न्हेऊ? आणि ती जागा कुटं हाय, कधी लागती, तेवढं कळव. तिथवर गेल्यावर तरी उमजावं त्यांना. न्हाई उमजलं तर मग मी काय करू, हे काय मला ठाव न्हाई.

दशम्या करणारच हाय. दारात काढून घेतल्या तर घेऊ देत.

जीव लावतेस तशी लावत ऱ्हा.

तुझी
लीलाआत्या


बोरिवली
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

कपडे काढू नकोस. मोठ्या बॅगेतून फक्त हातातल्या पिशवीत घे, म्हणजे दिवसभर जवळ राहतील. का म्हणते ते मलाही नीट सांगता येणार नाही.

त्या बोटीवर माझी जुनी मैत्रीण हेमलता अजून आहे, तिला विचारलं. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला बोट त्या भागातून जाते. तिथे खूण काही नाही गं, पाणीच आहे सगळीकडे. मागच्या बाजूचा प्रवाशांचा डेक आहे तिथे दुपारचं जेवण झाल्यावर जाऊन बसा, जागा मिळेल. मामांचा हात सोडू नकोस. कठडा छातीएवढा उंच आहे, तरीही सोडू नकोस.

मी सोबत यायला हवं होतं. पण मला बघितलं तर ते पायरीसुद्धा चढणार नाहीत, आणि तुझं एवढं सगळं फुकट जाईल.

आल्या आल्या लिही. तोवर माझा जीव टांगलेला असेल.

तुझी
स्नेहल


रिहे
१२ डिसेंबर २०२४

चि. स्नेहलला आशीर्वाद. वि. वि.

आमी धडपणी घरी आलो. तू सांगितलेलं सगळं खरं निघालं. बॅगा यायला सांज झाली, लोक आरडाओरडा करत होते, आमी निवांत. दशम्या दारात घेतल्या. त्या पोरीला म्हणलं, फेकू नको बाई, तूच खा.

भोंगा वाजला, सगळ्यांना जाकिटं दाखवली. मामांनी जाकीट हातात घेऊन दोऱ्या वढून बघितल्या, आणि त्या साहेबाला इचारलं, माझ्या पोराला असलं दिलं होतं का? साहेबाला मराठी येत नव्हती. तो हसला आणि पुढं गेला.

रातीच्या जेवणाला मामांचं ताटाकडं लक्षच न्हाई. वाढणाऱ्या एकेका पोराचं तोंड बघत होते. किचनचं दार उघडलं की मान लांब करून आत बघायचे. मी त्यांना वाढून आणलं, ते तसंच राह्यलं. कैलासनं जिथं कांदं चिरलं तिथलं अन्न, मला बी गोड लागलं न्हाई.

दुसऱ्या दिशी दुपारचं जेवण झाल्या झाल्या मागच्या डेकवर गेलो. मी हात धरूनच होते. मामा आधी डाव्या अंगाला जाऊन बघून आले, मग उजव्या, मग पार पुढं, मग परत मागं. मी दमले पण हात सोडला न्हाई. शेवटी मला इचारलं, काठ कुठल्या बाजूला हाय? मला काय ठाव! तेवढ्यात कप्तान भोंग्यावरनं काय तरी इंग्रजीत बोलला. शेजारी पुण्याची एक बाई होती, तिनं कौतुकानं मराठीत सांगितलं, की आता चारी बाजूंनी कुटंच जमीन न्हाई, आणि खाली एवढं पाणी हाय की आपला सिंहगड उभा बुडंल.

मामा खाली फरशीवरच बसले. म्हणाले, पाणी माणूस देतं गं, पण द्यायला त्याला काठ लागतो. ह्याला काठच न्हाई. हे कुटं ठेवणार माझं लेकरू?

मग पिशवीतनं त्याचा शर्ट काढला, प्यांट काढली, घडी मोडू न देता माझ्या मांडीवर ठेवली, आणि म्हणाले, रड आता.

आणि स्नेहल, मला रडूच आलं न्हाई.

तेच रडले. तोंड उघडं टाकून, म्हातारा माणूस रडतो तसं. वर गाणी चालू होती. लोकांना वाटलं बोट लागली, त्या पुण्याच्या बाईनं लिंबू आणून दिलं. मी लिंबू हातात घेऊन बसले, मांडीवर शर्ट, आणि डोळे कोरडे ठणठणीत. आज घरी येऊन आठवडा होत आला, अजून येत न्हाई. ज्याच्यासाठी एवढं केलं तेच येत न्हाई. दाबून दाबून आतच मेलं का काय? आई हाय मी त्याची, मला भ्या वाटतंय.

मायेची हायेस म्हणून तुला लिहिलं. कुणाला सांगू नको.

तुझी
लीलाआत्या


रिहे
२१ डिसेंबर २०२४

चि. स्नेहल हिस कोंडिबाचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाई, समजून घे. तुझं पत्र घरात यायचं ते मला ठाव होतं. पोस्टमन माझाच दोस्त हाय.

सोमवती अमावस्येला कैलासचं किर्याकर्म करायचं ठरवलंय. देह न्हाई तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणून गुरवाला घेऊन डोंगरातनं मी सोताच देठं आणली. पुतळ्याला त्याचाच निळा शर्ट घालायचा हाय. बोटीवर न्हेला होता तोच. धरणातनं मी लोकांची पोरं काढून त्यांच्या आईबापाच्या हातात दिली, तवा एकेक आई कशी रडायची ते मला ठाव हाय. आणि आपल्या घरात मी तुझ्या आत्याचं तोंड दाबून धरलं.

तुला लई बोललो. तुझ्यामुळं गेला न्हाई तो. पाण्यात त्याला मी घातला, चार वर्षांचा असताना, भ्या जावं म्हणून.

तुझी आत्या अजून रडली न्हाई. जेवती, भांडी घासती, गुरांचं बघती, पण रडत न्हाई. रातच्याला ताट वाढायचं मी बंद केलं, तर आता तीच वाढती. तू ये. आधी दोन दिस ये. तुला बघून तिचा बांध फुटंल असं मला वाटतं. मी गोठ्यात जाऊन बसंन, मधी येणार न्हाई.

निघायच्या आधी फोन कर. तुझी आत्या उचलंल. फोन वाजला तरी मी आता उठत न्हाई.

कोंडिबा