सोळा मिलिमीटर

९ मार्च

उभा केल्यावर आवाज वाढला. वाढायला नको होता.

आमच्या फुटबॉल संघाची मोसमाआधीची तपासणी होती. बावीस जण तपासले. एकवीस ठणठणीत. बाविसावा तालाय, आमचा कर्णधार. आडवा झाला तेव्हा छातीत बारीकशी फुसफुस होती. उभा राहिला आणि ती स्पष्ट झाली. तीनदा ऐकलं. "काय एजे, आत कोणी गातंय का?" म्हणाला. सगळा संघ मला एजे म्हणतो, थोरली बहीण. मी हसले. बिश्केकला पाठवतेय त्याला, हृदयाच्या सोनोग्राफीसाठी. कुबातला काही सांगितलं नाही. माझा नवरा खरा, पण आधी संघाचा भक्त.

१५ मार्च

अहवाल आला. हृदयाची भिंत सोळा मिलिमीटर. बारापर्यंत ठीक. फार खेळणाऱ्यांची तेरा-चौदाही होते. सोळा म्हणजे — काहीही असू शकतं. खेळून जाड झाली असेल. नाहीतर घराण्यातून रक्तात उतरणारा तो आजार, ज्यात धावता धावता माणूस पडतो आणि उठत नाही.

बिश्केकच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "तीन महिने खेळ बंद. भिंत बारीक झाली तर खेळामुळे होती. नाही झाली तर समजून जा."

तीन महिने म्हणजे जवळजवळ अर्धा मोसम. नारीनचा आमचा संघ पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये आलाय. आणि आणला तालायनेच.

१७ मार्च

आमचे प्रशिक्षक एसेनबेक-बाइके, सगळ्यांचे थोरले भाऊ, अहवाल उलटा धरून बघत होते. "सोळा चांगलं की वाईट?"

"नक्की सांगता येत नाही."

"मग सही करायला काय हरकत आहे, डॉक्टर?"

तालाय बाकावर बसून बूट घालत होता. मान वर न करता म्हणाला, "एजे, पहिला सामना इथे आहे. घरच्या मैदानावर. एवढा एक खेळू द्या. मग तुम्ही म्हणाल ते."

सही केली. दुसरीकडे कुठे लिहिणार, म्हणून इथे लिहिते. 'खेळण्यास तंदुरुस्त' — आणि खाली माझं नाव. बुरुल.

३१ मार्च

जिंकलो, एक-शून्य. गोल तालायचा. कडेला अजून बर्फाचे ढीग, लोक ट्रकच्या टपावर चढलेले. नव्वद मिनिटांत मी चेंडू पाहिलाच नाही. त्याची छाती बघत होते.

"काय गोल होता," कुबात घरी येऊन म्हणाला. मी म्हटलं, हो ना.

२ एप्रिल

शब्दाची आठवण करून दिली. तालाय म्हणाला, "अजून एक, एजे."

२८ एप्रिल

अजून एक, अजून एक करत चार झाले. हल्ली मला पळणारा माणूस बघवत नाही. बाजारात एक म्हातारा बस पकडायला धावला तर हातातली पिशवी खाली ठेवून तो बसमध्ये चढेपर्यंत बघत राहिले.

१९ मे

तालायची बायको जाझगुल दवाखान्यात आली होती. कणकेचे तळलेले गरम बोर्सोक फडक्यात बांधून.

"जिना चढताना मध्येच थांबतो हल्ली. विचारलं तर म्हणतो, म्हातारा झालो. एजे, तुम्ही तपासलंय ना त्याला?"

"तपासलंय," मी म्हटलं.

खोटं नाही बोलले. पण बोर्सोक नर्सला देऊन टाकले.

७ जुलै

ओश शहरात सामना. सदतीस डिग्री ऊन. ऐंशीव्या मिनिटाला तालाय एका गुडघ्यावर बसला.

मी पंचांना न विचारता मैदानात धावले. "बुटाची नाडी," तो म्हणाला. नाडी घट्ट बांधलेली होती. ओठ पांढरे पडलेले. मनगट धरलं. ठोके पळायचे, अडखळायचे, पुन्हा पळायचे.

"बाहेर चल."

"एजे, लोक बघताहेत."

"बघू देत."

पंचांनी मलाच पिवळं कार्ड दाखवलं. बाइके रेषेवरून ओरडत होते, "दहा मिनिटं, डॉक्टर! फक्त दहा!" मी मनगट सोडलं नाही. ओढतच बाहेर आणला त्याला, हजारो लोकांसमोर. आला तो. त्याच्यात हात झटकायचीही ताकद नव्हती, तेव्हा मला खरी भीती वाटली.

हरलो. दोन-एक.

८ जुलै

परतीची बस. बारा तास. मांडीवर वही ठेवून लीगला पत्र लिहिलं. अहवालात काय आहे ते. मार्चमधली सही माझी आहे आणि ती चूक आहे, हेही.

पुढच्या सीटवरून बाइके मागे वळले. "रविवारचा सामना होऊ दे. मग पाठवा."

"मार्चपासून रविवारच येताहेत, बाइके."

त्यानंतर ते वळले नाहीत.

११ जुलै

पत्र टाकलं. त्याआधी तालायकडे जाऊन सांगितलं. दुसऱ्याकडून कळायला नको. अंगणात उभा राहून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मला जिवंत पुरलंत, एजे," म्हणाला. दार लावलं नाही. उघडंच टाकून आत गेला.

२६ जुलै

निर्णय आला. तालाय या मोसमात खेळणार नाही. मला एक वर्ष कुठल्याही संघाबरोबर काम करायला बंदी. माझी शिक्षा योग्यच आहे. दवाखान्यातली नोकरी तेवढी राहिली.

४ ऑगस्ट

हरलो.

११ ऑगस्ट

हरलो. पाच गोल खाल्ले.

बाजारात नानवाली म्हणाली, "तुमच्यासाठी नान संपले." तिच्या पुढ्यात ढीग होता. कुबातला त्याच्या चौकातले बाकीचे टॅक्सीवाले म्हणतात, "बायकोला सांग, आमच्या सासूचंही हृदय तपास." तो हसून सोडून देतो. पण हल्ली टॅक्सी दुसऱ्या चौकात लावतो.

दवाखान्यात रुग्ण येतात, मी आहे असं कळलं की उद्या येतो म्हणतात.

१४ सप्टेंबर

तालायने बिश्केकमध्ये दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. "खेळाडूचं हृदय असंच असतं, घाबरू नका" — असं सांगितलं म्हणे. दुपारपर्यंत सगळ्या गावाला पाठ झालं हे वाक्य. वसंतात तो कझाकस्तानच्या एका संघात जाणार. बोलणी पक्की झालीत.

जेवताना कुबात वाटीत चमचा फिरवत होता. मग म्हणाला, "बुरुल, तुझ्या ऐकण्यात काही चूक... नुसतं विचारतोय."

"असेल," मी म्हटलं.

खरंच असेल. मी चुकले असेन, तर एका धडधाकट माणसाचं वर्ष खाल्लं आणि गावाचा संघ बुडवला. चुकले नसेन, तर तो वसंतात परक्या मैदानावर पडेल आणि त्याचं मनगट धरायला कोणी नसेल. काय खरं ठरावं असं मला वाटतं? भांडी घासताना दोनदा स्वतःला विचारलं.

२० ऑक्टोबर

शेवटचा सामना. शून्य-तीन. खालच्या लीगमध्ये गेलो.

मी घरीच होते. कुबात सांगत होता, तालाय साध्या कपड्यांत राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता. पोरं रडत होती, त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. लोक बाहेर पडताना माझ्याबद्दल काय बोलत होते ते कुबातने सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर

तालायचा धाकटा भाऊ गेला. सव्वीस वर्षांचा, डोंगरात मेंढ्या राखायचा, जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. परवा घोड्यावर खोगीर चढवताना पडला आणि उठलाच नाही. काल दफन झालं.

आज सकाळी तालाय दवाखान्यात आला, आपल्या दोन्ही मुलींना घेऊन. थोरलीचा कोट काढला, तिला उचलून टेबलावर बसवलं.

"एजे, आधी हिचं ऐका."