मुक्या पेटीला आलेल्या हाका

३ जून
आज नोकरीवर रुजू झालो. डबा हातात देताना हिने बजावलं होतं की पहिल्याच दिवशी साहेबांना अक्कल शिकवू नकोस. शिकवली नाही. जागाच अशी मिळाली की बोलायला कोणी नाही. खिडकी नाही, भिंतींना पत्रा, जाड दार. बाहेरची फोनची, रेडिओची एकही लहर आत येत नाही. फोन दाराबाहेरच्या लॉकरमध्ये. वही-पेन मात्र चालतं, म्हणून ही रोजनिशी.

४ जून
काम मजेचं आहे. मोठ्या यंत्राचे सगळे भाग एकाच तारेवरून बोलतात. प्रत्येकाला क्रमांक आणि एक दिवा, पलीकडच्या कपाटापासून माझ्या टेबलापर्यंत ओळीने. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. माझ्या टेबलावर साहेबांनी बनवलेली पेटी आहे, ती हे सगळं ऐकून कागदावर छापते. ओ आली नाही तर लाल ओळ : उत्तर नाही. पेटी स्वतः मुकी. तिची बोलायची तार साहेबांनी मुद्दाम कापून ठेवली आहे. आपण बोललो की समोरच्याला आत यायला वाट मिळते, म्हणाले.

जेवताना हिला सांगितलं. म्हणे, सगळं ऐकून घेते आणि उलट बोलत नाही? घेऊन ये घरी, नवरा म्हणून तीच ठेवते.

९ जून
हिचा दमा पुन्हा उसळलाय. गाव नवं, ओळखीचं कोणी नाही. काही झालं तर फोन कर, लगेच येतो, असं सांगून निघालो. लॉकरपाशी आल्यावर चूक लक्षात आली. साहेबांच्या टेबलावरच्या फोनचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतलाय. उद्या देतो.

२१ जून
ही गेली. दहा तारखेला. आज पहिल्यांदा वही उघडली.

त्या दुपारी मी आत बसून पेटीचे कागद तपासत होतो. सहाला लॉकर उघडला तर हिचे अकरा मिस्ड कॉल. पहिला तीन दहाचा, शेवटचा तीन बेचाळीसचा. शेजारच्या काकूंनी दार तोडायला लावलं तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. चिठ्ठी माझ्या खिशातच होती.

२३ जून
घरात बसवत नाही, कामावर आलो. दुपारी पेटीने नऊ क्रमांकाची हाक छापली. नऊवर काही जोडलेलंच नाही. हाक एकतीसला. एकतीस म्हणजे पेटी स्वतः. तिला कधी कोणी बोलावत नाही. अकरा हाका, अकरा लाल ओळी. बाहेर जाऊन फोनवरची यादी ताडून पाहिली. मिनिटं जुळतात. सगळी.

२४ जून
तारजोडणीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी नऊची जागा उघडून दाखवली. आत धूळ. पोरा, घरी जा, दोन घास खा, म्हणाले. आज दहाच हाका. पहिली गळाली.

२६ जून
आठ. रोज एक कमी. दमत चालली आहे ही. आणि मी नुसता ऐकतोय. तेव्हाही आतच बसलो होतो.

२ जुलै
दोन. साहेबांना म्हटलं, पेटीची बोलायची तार जोडू द्या. नाही म्हणाले, रजा घे म्हणाले. भीती वाटते. हाक हिची नसली तर— आणि हिचीच असली तर त्याहून जास्त. काय तोंड दाखवू हिला.

३ जुलै
एकच उरली. तार जोडली. डाग देताना बोट भाजलं.

तीन बेचाळीस. आली. मी पेटीतून ओ दिली.

लाल ओळ नाही—

नऊचा दिवा लागला. मग बारा. कपाटावरून माझ्या टेबलाकडे— एकोणीस— कागदावर अक्षर नाही, नुसती रेघ, वर जाते, अडकते, खाली येते. हिचा श्वास. उशाशी बसून किती वेळा ऐकलाय—

तीस.

शेजारी आहे. रागावलेली नाही. म्हणते, इथे हवाच नाही रे. दार उघडायला हवं. पण मला उठवत नाही. मी कुठे जात नाही गं, आता नाही—

रेघ अडकत नाही आता. हिला मोकळा श्वास येतोय. बरं वाटलं. माझा मात्र