कुरळीला ऊन हवं होतं

४ जानेवारी, सकाळ
आजपासून नेमानं लिहायचं. तक्रारी नाहीत.
खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपाची पानं वर वळायला लागली आहेत, वाटीसारखी. फार गोड दिसतात. नाव ठेवलं कुरळी. पान चुरगाळून बोटं हुंगली की शाळेची भाजीची बाग, सिस्टरांचा पांढरा झगा आणि मैत्रिणीबरोबर मीठ लावून चोरून खाल्लेले टोमॅटो, सगळं एकदम समोर येतं. या वयात तेवढं पुरे. एक टोमॅटो मात्र हवाच.

६ जानेवारी
सुनेनं कुरळीला पाहिलं. म्हणाली, आई, हा बोकड्या आहे, उपटून टाका. मी म्हटलं, तुझ्या जिभेला काही हाड? लेकराला बोकड्या म्हणतेस! तर म्हणे रोगाचं नावच ते. व्हायरस. पांढरी माशी आणते. शिवल्यानं लागत नाही, पाण्यातून येत नाही. माशीनं एकदा आजारी पानाचा रस प्यायला की ती मरेपर्यंत बसेल त्या रोपाला देत सुटते. औषध नाही. आणि झाड मरतही नाही, नुसतं खुरटं राहतं. म्हणून लोकांचा जीव अडकतो.
नोकरी सोडून तिनं घरामागे शेडनेट उभारलं आहे, बारीक जाळीचं. आत ट्रेमध्ये टोमॅटोचीच हजारो रोपं. पहिलाच सीझन. शेतकऱ्यांनी रोपं सांगून ठेवली आहेत. त्यामुळे हल्ली तिला जिकडेतिकडे रोगच दिसतो. मुलगा म्हणाला, आई, ऐक तिचं. तो काय, तिच्याच टीममधला.
मला नेचर स्टडीत पहिलं बक्षीस होतं. असो. रविवारी उपटते म्हटलं.

११ जानेवारी, रविवार
उपटलं नाही. कळी आली आहे. पोटुशीला कोणी घराबाहेर काढतं का?

१३ जानेवारी
कळी गळली. कारण मात्र सापडलं. थंडी! आपली बोटं नाहीत का आखडत? खिडकीत ऊन पुरत नाही. सुनेच्या शेडनेटमध्ये कशी छान ऊब असते. पण तिथे नियम फार. दोन दारं; एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बँकेच्या तिजोरीचा थाट.

१५ जानेवारी, दुपार
सून बियाणं आणायला गेली. कुरळीला शेडनेटमध्ये नेलं. दोन्ही हातांत कुंडी, मी दारं लावणार कशी? राहिली उघडी. मधल्या रांगेतले ट्रे सरकवून तिला रोपांच्या मधोमध बसवलं. सिस्टर मला अशीच हुशार मुलींच्या मध्ये बसवायच्या, सुधारावी म्हणून. सुधारलेच की!
पानांना हात लागला की खालून पांढरा भुगा उडतो. परागकण असावेत. म्हणजे फळ धरणार.
सून यायच्या आत परत खिडकीत.

२० जानेवारी
दुपारी सून जरा आडवी झाली की कुरळीला रोज नेते. तजेला आहे. पानं अजून वळलेली, पण आता ती स्टाइल वाटते.
शेडनेटमधल्या पिवळ्या चिकट कागदांवर पांढऱ्या माश्या दिसल्या म्हणून सून हवालदिल. मी म्हटलं, जाळी हलकी दिली असेल गं, आजकाल कोणाचा भरवसा नाही. संध्याकाळी तिनं सुईदोरा घेऊन सगळी जाळी तपासली. एक भोक सापडलं नाही. मीच टॉर्च धरला होता.

३ फेब्रुवारी
मधल्या ट्रेमधल्या रोपांचे शेंडे पिवळे पडले, पानं वाटीसारखी. क्षणभर मला बरं वाटलं, कुरळी एकटी नव्हती. मग सुनेचा चेहरा दिसला.
मुलगा म्हणाला, बाकीची हिरवी आहेत, ती तरी शेतकऱ्यांना दे. ती म्हणाली, आज हिरवी आहेत. शेतात जाऊन वळली म्हणजे? त्यांचा सीझन जाईल आणि मला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही.
तिच्याशी बोलायचं ठरवलं. चहानंतर. चहा झाला. जेवणानंतर बोलू.

४ फेब्रुवारी
सकाळपासून ती एकेकाला फोन करत होती. रोपं देता येणार नाहीत म्हणून. एक जण इतका ओरडला की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. ती एवढंच म्हणाली, हो काका, चूक माझीच.
मग मला हाताला धरून आत नेलं. मधल्या रांगेत ट्रेंच्या मध्ये कुंडीएवढी मोकळी जागा, आणि पिवळी रोपं सगळी तिच्या भोवती. विचारलं, आई, कुरळीला इथे आणत होतात?
मी म्हटलं, दिवसभर नाही. फक्त दुपारची.
ती म्हणाली, माशीला दुपार पुष्कळ झाली, आई.
रागावली असती तर माझी उत्तरं तयार होती. ती खाली बसली आणि रोपं उपटून पिशवीत भरायला लागली. पिवळी आणि हिरवीही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
कुरळीला मी स्वतः उपटलं. मुळं पांढरीशुभ्र, धडधाकट, लांबच लांब. कसला आलाय रोग, हे दाखवायला तशीच सुनेकडे घेऊन गेले.
तिनं वर न बघता पिशवीचं तोंड उघडून धरलं.